इंग्लिशमध्ये कुठल्या शब्दाला कुठलं प्रिपोझिशन लागतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिश शिकवायला लागल्यापासून मला सगळ्यात जास्त आलेला मेसेज म्हणजे "मॅडम, इथे इन की ऑन?" आणि बहुतेक वेळा पुढे वाक्यच नसतं. नुसतं इन की ऑन. वाक्य पाठवा म्हटलं की निम्म्या वेळा उत्तर तिसरंच काहीतरी निघतं, नाहीतर प्रिपोझिशन नकोच असतं. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एकदाच सगळे इथे लिहून ठेवतेय. आधी सोपे आहेत, डोकं खाणारे पुढे.

१. प्रिपोझिशन म्हणजे नक्की काय? मराठीत असतं का ते?

काम तेच करणारी मंडळी मराठीत आहेत पण ती नामाच्या मागून येऊन चिकटतात. टेबलावर, गावापासून, मैत्रिणीसाठी, शाळेत. यातले काही विभक्तीचे प्रत्यय, शाळेत 'स ला ते' करून घोकलेले, आणि काही शब्दयोगी अव्ययं. चिकटताना ती नामाचा चेहरापण बदलतात, घोडा असतो त्याचा घोड्यावर होतो. इंग्लिशमध्ये हाच शब्द सुटा राहतो आणि नामाच्या आधी येतो, नावातला 'प्रि' त्याचाच. नामाला काही होत नाही. एवढा भाग कोणालाच जड जात नाही, जड जातं ते दुसऱ्या प्रश्नापासून.

२. 'वर' म्हणजे ऑन, 'मध्ये' म्हणजे इन, एवढं पाठ केलं तर पुरत नाही का?

डबा कुठे आहे हे सांगण्यापुरतं पुरतं. डबा टेबलावर, ऑन द टेबल. पिशवीत, इन द बॅग. झालं. गडबड होते ती जागेचा संबंध संपला की.

आता हे बघा. तो माझ्यावर रागावला म्हणजे 'अँग्री विथ मी'. माझ्यावर ओरडला, 'शाउटेड ॲट मी'. मला हसला, 'लाफ्ड ॲट मी', इथे आपलं 'वर' गेलं आणि 'ला' आलं पण इंग्लिशचं ॲट तिथेच. त्याचं माझ्यावर प्रेम आहे, 'लव्ह्ज मी', इथे तर काहीच नाही. माझ्यावर श्रद्धा आहे, 'फेथ इन मी'. माझ्यावर अवलंबून आहे, 'डिपेंड्स ऑन मी'. इतक्या सगळ्यांत 'वर' आणि ऑनचं जुळलं ते एकदाच, शेवटी. (गंमत म्हणजे 'अवलंबून' मधला लंब म्हणजे लोंबणं, आणि डिपेंड ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचाही अर्थ खाली लोंबणं, गळ्यातलं पेंडंट त्याच घरातलं. दोन भाषा एकाच दोरीला लोंबल्या, पण असं नेहमी होत नाही.)

आणि मुळात रागावताना कोण कोणाच्या वर बसलेलं असतं? आपलं 'वर' सुद्धा तिथे अर्थाने आलेलं नाही, सवयीने आलेलं आहे.

३. मग कुठलं लावायचं हे ठरवतं कोण?

आधीचा शब्द. म्हणजे ते क्रियापद, नाम किंवा विशेषण. प्रिपोझिशनच्या पुढे कोण उभं आहे याला फारसं महत्त्व नाही. मी त्याला भेटले, त्याच्याशी बोलले, त्याची वाट बघितली, त्याच्यावर चिडले. माणूस एकच, दर क्रियापदाला त्याचं शेपूट वेगळं, आणि हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही.

हिंदीत 'छिपकली से डर लगता है' म्हणतात, म्हणून माझी हिंदी भाषिक शेजारीण मराठी बोलताना "मी पालीपासून घाबरते" म्हणते. आपल्याला कळतं पण कान टवकारतात ना? आपण 'पालीला घाबरतो'. 'अफ्रेड फ्रॉम' ऐकल्यावर इंग्लिशवाल्याचं तसंच होतं, त्याच्याकडे 'अफ्रेड ऑफ' आहे. का ऑफ? जसं आपलं 'ला', तसंच. म्हणून सुटं 'अफ्रेड' पाठ करूच नका, 'अफ्रेड ऑफ' हा एकच शब्द आहे असं समजा. 'इंटरेस्टेड इन', 'गुड ॲट', 'वेट फॉर', 'लिसन टू' हे पण तसेच.

४. 'डिस्कस अबाउट' चूक आणि 'डिस्कशन अबाउट' बरोबर, हे कसं काय?

हा प्रश्न माझा सगळ्यात लाडका, कारण इथे पाठांतर नाही, खरंच एक नियम आहे. पहिल्या नोकरीत मी एका मेलमध्ये 'वी विल डिस्कस अबाउट द बजेट' लिहिलं होतं आणि वरिष्ठांनी त्याची प्रिंट काढून 'अबाउट' भोवती लाल गोल करून माझ्या टेबलावर ठेवली, का चूक ते मात्र सांगितलं नाही. बरीच वर्षं मला वाटायचं की अबाउट हा शब्दच वाईट आहे.

तर कारण असं. इंग्लिश क्रियापद आपलं कर्म थेट हातात धरू शकतं, नामाला तसं धरता येत नाही, त्याला मध्ये एक हुक लागतो. मराठीतही हेच चालतं बघा: 'तिने गाडी दुरुस्त केली', थेट. पण 'गाडीची दुरुस्ती', इथे 'ची' लागलं. तिसऱ्या प्रश्नातली पाल आठवा, 'पालीला घाबरते' पण 'पालीची भीती'. आपला हुक बहुतेक वेळा चा-ची-चे असतो, इंग्लिशमध्ये मात्र दर नामाचा हुक वेगळा.

म्हणून 'डिस्कस द बजेट', पण 'अ डिस्कशन अबाउट द बजेट'. 'व्हिजिट नाशिक', पण 'अ व्हिजिट टू नाशिक'. 'अटॅक द कॅम्प', 'ॲन अटॅक ऑन द कॅम्प'. 'अफेक्ट द क्रॉप', 'ॲन इफेक्ट ऑन द क्रॉप'. 'आन्सर द क्वेश्चन', 'द आन्सर टू द क्वेश्चन'. 'लॅक मनी', 'लॅक ऑफ मनी'. 'एम्फसाइझ द पॉइंट', 'एम्फसिस ऑन द पॉइंट'. 'रिझेम्बल हर मदर', 'रिझेम्ब्लन्स टू हर मदर'.

सगळ्यात जास्त फसवतात ते रिक्वेस्ट, डिमांड आणि ऑर्डर, कारण त्यांचं क्रियापद आणि नाम दिसायला सारखंच. 'आय रिक्वेस्टेड लीव्ह' मध्ये ते क्रियापद आहे, फॉर नको. 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' मध्ये नाम आहे, फॉर हवंच. 'दे डिमांडेड मनी', पण 'द डिमांड फॉर ओनियन्स'. ओळखायचं कसं? त्याच्याआधी 'अ', 'द', 'माय', 'युवर' असं काही बसलेलं असेल तर ते नाम. पन्नासातल्या चाळीस ठिकाणी एवढ्यावर काम भागतं.

५. क्रियापदाला जे लागतं तेच त्याच्या नामालाही लागतं का?

क्रियापदाला मुळात लागत असेल तर बहुतेक वेळा तेच पुढे चालतं. 'डिपेंड ऑन' चं 'डिपेंडन्स ऑन', 'बिलीव्ह इन' चं 'बिलीफ इन', 'ऑब्जेक्ट टू' चं 'ऑब्जेक्शन टू'. विशेषणांमध्ये मात्र घोळ आहे. 'प्राउड ऑफ' असतं पण नाम झालं की 'प्राइड इन'. 'फाँड ऑफ' चं 'फाँडनेस फॉर'. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे डिपेंड: 'डिपेंडंट ऑन', पण 'इंडिपेंडंट ऑफ', आणि 'इंडिपेंडन्स फ्रॉम'. नुसतं 'इन' लावलं तर एवढं सगळं बदललं. याला कारण विचारू नका, 'इंडिपेंडन्स फ्रॉम ब्रिटिश रूल' असं एक वाक्य डोक्यात ठेवा, पंधरा ऑगस्टला दरवर्षी कोणीतरी बोलतंच.

६. 'मॅरीड विथ' का चालत नाही? लग्न कोणाशी तरीच होतं ना!

'तिच्याशी' मधलं 'शी' आपल्याला विथकडे ओढतं, पण इंग्लिशमध्ये 'मॅरीड टू' आणि 'एंगेज्ड टू'. क्रियापद म्हणून वापरलं तर काहीच नको, 'ही मॅरीड हर'. 'मॅरीड विथ' हे शब्द शेजारी शेजारी येऊ शकतात पण अर्थ वेगळा होतो: 'शी इज मॅरीड विथ टू चिल्ड्रन' म्हणजे तिचं लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत. बायोडाटा पाठवणाऱ्यांनी जरा जपून.

७. 'सीनियर दॅन मी' चूक का? तुलनेला तर दॅन लागतं.

इंग्लिशच्या स्वतःच्या तुलनेला लागतं, 'ओल्डर दॅन', 'टॉलर दॅन'. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून तयार तुलना घेऊनच आले, आणि त्यांच्याबरोबर टू येतं. 'शी इज सीनियर टू मी'. 'प्रिफर' पण याच पंगतीत, 'आय प्रिफर टी टू कॉफी'.

८. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' की 'टू मीटिंग यू'?

'टू मीटिंग यू'. इंग्लिशमध्ये टू दोन आहेत, दिसायला जुळे. एक क्रियापदाच्या पुढे येणारा, 'आय वाँट टू गो'. दुसरा खराखुरा प्रिपोझिशन, त्याच्यापुढे नाम लागतं आणि क्रियापदच आणायचं असेल तर आयएनजी लावून त्याचं नाम करून आणावं लागतं. कुठला कुठला हे कळायला एक युक्ती: टूच्या पुढे 'इट' ठेवून बघा. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट', छान बसलं, म्हणजे प्रिपोझिशन, आयएनजी हवं. 'आय वाँट टू इट' बसत नाही (कानाला जेवायला मागितल्यासारखं लागतं, ते सोडा), म्हणजे दुसरा टू.

'यूज्ड टू' मध्ये तर दोन्ही सापडतात. 'आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह' म्हणजे मी पाचला उठायचे, आता नाही. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह' म्हणजे मला पाचला उठायची सवय आहे. एका 'ॲम' ने पहाट कायमची गळ्यात. 'ऑब्जेक्ट टू', 'ॲडिक्टेड टू', 'कमिटेड टू' यांनाही आयएनजी.

९. एकाच क्रियापदाला दोन-तीन प्रिपोझिशन दिसतात, त्यातलं खरं कुठलं?

सगळीच खरी, अर्थ बदलतो. 'शी थ्रू द बॉल टू मी' म्हणजे मी झेलावा म्हणून टाकला. 'शी थ्रू द बॉल ॲट मी' म्हणजे मला लागावा म्हणून मारला. 'शाउट टू' आणि 'शाउट ॲट' मध्ये पण तोच फरक, पलीकडच्या फलाटावरच्या मैत्रिणीला हाक मारणं वेगळं आणि तिच्यावर खेकसणं वेगळं. ॲट आलं की नेम धरलेला असतो. लाफ ॲट, पॉइंट ॲट, स्टेअर ॲट.

'अग्री' ला तीन: माणसाशी सहमत असाल तर 'विथ', प्रस्तावाला होकार देत असाल तर 'टू', दोघांनी मिळून तारीख ठरवली तर 'ऑन'. अर्ज करताना 'अप्लाय टू' कंपनी 'फॉर' नोकरी. माफी मागताना 'अपॉलॉजाइझ टू' माणूस 'फॉर' चूक.

'मेड ऑफ' आणि 'मेड फ्रॉम' मध्ये तर मराठीच तुम्हाला उत्तर देते. खुर्ची लाकडाची, कारण लाकूड अजून दिसतंय, म्हणून 'मेड ऑफ वुड'. दही दुधापासून, कारण दूध आता दूध राहिलं नाही, म्हणून 'मेड फ्रॉम मिल्क'. चा-ची-चे तिथे ऑफ, पासून तिथे फ्रॉम. अशी फुकटची जुळणी मिळते तेव्हा घ्यायची.

१०. काही क्रियापदांना लावलं तरी बरोबर आणि नाही लावलं तरी बरोबर, मग फरक काय?

बऱ्याचदा असं दिसतं की थेट कर्म घेतलं की क्रिया पूर्ण पोचते आणि मध्ये प्रिपोझिशन आलं की थोडं अंतर राहतं. 'ही शॉट द टायगर' म्हणजे गोळी लागली. 'ही शॉट ॲट द टायगर' म्हणजे झाडली, लागली की नाही देव जाणे. 'आय नो हिम' म्हणजे ओळखते, 'आय नो ऑफ हिम' म्हणजे नाव ऐकून आहे.

'सर्च' मध्ये मात्र अर्थच पालटतो. 'द पोलीस सर्च्ड हिम' म्हणजे त्याची झडती घेतली, 'सर्च्ड फॉर हिम' म्हणजे त्याचा शोध घेतला. पहिल्यात तो समोर उभा आहे, दुसऱ्यात फरार. 'अटेंड अ मीटिंग' म्हणजे हजर राहणं, 'अटेंड टू अ पेशंट' म्हणजे लक्ष देणं. 'एंटर द रूम' मध्ये इनटू नको, पण करारात शिरायचं असेल तर 'एंटर इनटू ॲन अग्रीमेंट'.

११. आपल्याकडे सर्रास जास्तीचं लावलं जातं असे शब्द कुठले?

'रीच टू पुणे' (नुसतं 'रीच पुणे', पण 'अराइव्ह' ला 'इन' किंवा 'ॲट' लागतं). 'कोप अप विथ' मधलं अप काढा. 'कम्प्राइझ ऑफ' मधलं ऑफ काढा, ते 'कन्सिस्ट ऑफ' चं आहे. 'रिटर्न बॅक' मधलं बॅक काढा. 'आस्क टू हिम' नको, 'टेल टू हिम' नको, पण 'से' ला मात्र 'से टू हिम'. 'ऑन नेक्स्ट मंडे' मधलं ऑन काढा, नेक्स्ट, लास्ट, धिस आले की प्रिपोझिशन पळतं. डिस्कस वगैरे चौथ्या प्रश्नात आलेच.

'गो टू होम' चं उत्तर मराठीत लपलंय. आपण 'शाळेत जाते', 'बाजारात जाते' म्हणतो पण 'घरी जाते'. घराला खास वागणूक. इंग्लिशही होमला तशीच देतं, 'गो होम'.

१२. आणि जिथे लागतं तिथे आपण विसरतो, असे?

'एक्स्प्लेन मी' आणि 'सजेस्ट मी'. 'मला समजाव', 'मला सुचव' यामुळे होतं. 'एक्स्प्लेन इट टू मी' हवं. 'लिसन म्युझिक' नाही, 'लिसन टू'. 'वेट मी' नाही, 'वेट फॉर मी'. आणि 'द हाउस आय लिव्ह' हे अर्धवट वाक्य, 'द हाउस आय लिव्ह इन' हवं. मराठीत 'मी राहते ते घर' म्हणताना 'त' गळून पडतो म्हणून इंग्लिशमध्येही आपण टाकून देतो.

१३. पण वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन चालतं का? आम्हाला शाळेत चूक सांगितलं होतं.

चालतं. 'हू आर यू टॉकिंग टू?' हे रोजचं इंग्लिश आहे. या आक्षेपाचं मूळ सतराव्या शतकात सापडतं, कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लिखाणात वाक्याच्या शेवटी आलेल्या प्रिपोझिशनला नावं ठेवली, पुढे स्वतःचं जुनं लिखाण सुधारताना तिथलीही बदलली. लॅटिनमध्ये तसं करता येत नाही म्हणून इंग्लिशनेही करू नये असा एकूण सूर, जसं काही एखाद्याने मराठीला संस्कृतचा चष्मा लावून मार्क कापावेत. फार औपचारिक पत्रात 'टू हूम' लिहा, बाकी ठिकाणी शेवटी येऊ द्या.

१४. 'लुक ॲट इट' बरोबर, मग 'लुक अप इट' का चूक?

कारण तो 'अप' प्रिपोझिशन नाहीच. 'लुक ॲट' मध्ये ॲट पुढच्या नामाचा हुक आहे. 'लुक अप' (डिक्शनरीत बघणं) मध्ये अप क्रियापदाचाच तुकडा आहे, आपल्या 'टाकून देणे' मधल्या 'देणे' सारखा, तिथे कोणी कोणाला काही देत नाही. असा तुकडा मोठं नाम असेल तर आधीही येतो नंतरही येतो, 'लुक अप द वर्ड', 'लुक द वर्ड अप'. पण इट, हिम, देम असे छोटे शब्द असतील तर मध्येच बसवावे लागतात: 'लुक इट अप', 'पुट इट ऑफ', 'कॉल हिम अप'. शंका आली की 'इट' मध्ये टाकून बघा, 'लुक इट ॲट' कानाला लगेच खटकतं.

१५. एकेक जोडी कुठवर पाठ करायची, गट करता येतात का?

येतात, अर्थाने. अडवणं आणि वाचवणं यांना 'फ्रॉम': प्रिव्हेंट, प्रोटेक्ट, सेव्ह, बॅन. शाबासकी, शिक्षा, आभार यांना 'फॉर': थँक, ब्लेम, पनिश, फरगिव्ह. काढून घेणं, त्यात माणूस आधी येतो आणि वस्तूला 'ऑफ': 'रॉब हिम ऑफ हिज मनी', 'डिप्राइव्ह', 'क्युअर'. स्टील मात्र उलटं, 'स्टील मनी फ्रॉम हिम'.

गट केला की त्यातून पळणारा एक असतोच. कोर्टाच्या बातम्या वाचत असाल तर 'अक्यूज्ड ऑफ', 'सस्पेक्टेड ऑफ', 'कन्व्हिक्टेड ऑफ', आणि मध्येच 'चार्ज्ड विथ'. नामांत 'कॉज ऑफ' पण 'रीझन फॉर', अर्थ जवळजवळ एक. इंटरव्ह्यूला 'रीझन ऑफ लीव्हिंग' ऐकून ऐकून पॅनेलवाल्यांनाही आता तेच बरोबर वाटत असेल.

१६. 'डिफरंट फ्रॉम', 'डिफरंट टू', 'डिफरंट दॅन', तिन्ही वाचलंय. बरोबर कुठलं?

फ्रॉम सगळीकडे चालतं, तेच धरा. टू ब्रिटिश बोलण्यात येतं, दॅन अमेरिकन. तसंच ब्रिटिश 'ॲट द वीकेंड', अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. फॉर्म भरताना ब्रिटिश बहुधा 'फिल इन', अमेरिकन 'फिल आउट'. एकाच पत्रात दोन्ही मिसळू नका एवढंच.

१७. तुम्ही नसाल तेव्हा कुठे बघायचं?

लर्नर्स डिक्शनरीत, साध्या इंग्लिश-मराठी कोशात नाही, कारण तिथे अर्थ मिळतो, जोडी नाही. ऑक्सफर्डची जी लर्नर्स डिक्शनरी आज सगळे वापरतात तिचं मूळ ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने जपानमध्ये शिकवता शिकवता तयार केलं, ती आधी १९४२ मध्ये टोकियोत छापली गेली आणि ऑक्सफर्डने १९४८ मध्ये काढली. जपानी पोरांना शब्दाचा अर्थ कळायचा पण तो वाक्यात कसा बसवायचा ते अडायचं, म्हणजे तुमचंच दुखणं. म्हणून तिच्यात शब्दापुढे कुठलं प्रिपोझिशन येतं ते ठळक दिलेलं असतं.

मोबाइलवर फुकट उघडते. शब्द टाकलात की पहिला अर्थ वाचून बंद करू नका, खालची उदाहरणं वाचा आणि वहीत जोडीसकट अख्खं वाक्य उतरवा, शक्यतो स्वतःच्या घरातलं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत 'अफ्रेड ऑफ' समोर 'माय ब्रदर इज अफ्रेड ऑफ माय मदर' आहे, 'अँग्री विथ' समोर 'माय मदर इज अँग्री विथ माय ब्रदर', आणि 'यूज्ड टू' समोर 'माय ब्रदर इज यूज्ड टू इट'.